कोपऱ्यावरचं थाई हॉटेल

थाई हॉटेलात शिरल्यावर मेन्यूकार्ड उघडायच्या आधी मी टेबल बघते. टेबलावर, निदान गल्ल्याशेजारच्या फळीवर, चार बरण्यांचा तो स्टँड आहे का? एका बरणीत साधी साखर. दुसरीत भाजून भरडलेली सुकी मिरची. तिसरीत व्हिनेगर आणि त्यात मुरलेल्या मिरचीच्या चकत्या. चौथीत फिश सॉस, वर तरंगणारे बारक्या मिरच्यांचे तुकडे. हा स्टँड असेल तर मी निवांत बसते. नसेल तरी बसते म्हणा, पण अपेक्षा जरा आवरून.

कारण थायलंडमधल्या नूडल्सच्या दुकानात स्वयंपाकी पदार्थ नव्व्याण्णव टक्के करून देतो आणि उरलेला एक टक्का तुमच्यावर सोडतो. लोक आधी एक चमचा रस्सा चाखतात, मग थोडी साखर, थोडं व्हिनेगर, चिमूटभर भरड असं आपापल्या जिभेप्रमाणे जमवून घेतात. त्यात स्वयंपाक्याचा अपमान वगैरे काही नसतो. तुमचं तिखट किती आणि आंबट किती हे त्याला कसं कळणार? न चाखताच चारही बरण्या उपडी करणारे लोक मात्र मला सहन होत नाहीत. दुर्दैवाने त्यातल्या एकाशी माझं लग्न झालंय.

आमच्या कोपऱ्यावरचं हॉटेल अगदी साधं आहे. मोजकी टेबलं, प्लास्टिकमध्ये घातलेलं मेन्यूकार्ड, त्यावर ऊन लागून निळसर पडलेले फोटो. भिंतीवर राजाची तसबीर. गल्ल्याच्या वरच्या अंगाला छोटंसं देवघर आणि त्याच्यापुढे लाल सरबताची उघडी बाटली, तिच्यात स्ट्रॉ. वास्तूच्या रक्षणकर्त्यांना लाल गोड पेय वाहायची रीत थायलंडमध्ये सगळीकडे दिसते. ते पितीलही सोयीने, म्हणून स्ट्रॉ. आमच्या धाकट्याला त्या बाटलीबद्दल फार असूया आहे.

मालकीणबाई स्वतः ऑर्डर घेतात. वही नाही, पेन नाही. सगळं ऐकून घेतात, मग एकच प्रश्न: तिखट किती? तुम्ही काय उत्तर देता यापेक्षा त्या तुमच्या चेहऱ्याकडे जास्त बघतात, असा माझा संशय आहे. नवरा छाती काढून ‘थाई तिखट’ म्हणतो आणि येतं ते मध्यमच. एकदा त्याने तक्रार केली, तर बाईंनी काही न बोलता मिरचीच्या भरडीची बरणी त्याच्यापुढे सरकवली.

आता पॅड थाई. त्यावरून कुठल्याही थाई हॉटेलची परीक्षा करू नये, असं माझं ठाम मत आहे. कुणालाही विचारा, पहिल्या खेपेला तेच मागवतो आणि तेवढ्यावर निकाल देऊन मोकळा होतो. हा पदार्थ तसा अलीकडचा. १९३९ मध्ये सयामचं नाव थायलंड झालं. ते ज्यांच्या राजवटीत झालं, त्या फील्ड मार्शल फिबुनसोंग्क्राम यांच्या सरकारने राष्ट्राभिमानाच्या मोहिमेत तांदळाच्या नूडल्सचा जोरात प्रचार केला आणि पॅड थाईला देशाच्या पदार्थाचा मान मिळाला. सगळ्या जगाला त्याचं नाव पाठ आहे म्हणून प्रत्येक हॉटेलला तो ठेवावाच लागतो, स्वयंपाक्याचा जीव त्यात असो वा नसो. पारखायचाच असेल तर रंग बघा. चिंच, फिश सॉस आणि ताडगुळाने नूडल्स तपकिरी होतात. लालभडक किंवा नारिंगी दिसल्या तर आत केचप आहे. मोडाचे मूग कच्चे, करकरीत असायला हवेत आणि लिंबाची फोड अशी हवी की जिच्यातून खरंच रस निघेल.

आणि जगात कुठल्याही शहरात गेलात तरी थाई मेन्यू असा एकाच मुशीतून काढल्यासारखा का असतो? तो सगळा योगायोग नाही. २००२ मध्ये थाई सरकारने ‘ग्लोबल थाई’ नावाची योजनाच आखली: परदेशात थाई हॉटेलं वाढवायची, त्यासाठी कर्ज द्यायचं, स्वयंपाक्यांना शिकवायचं. तेव्हा जगात सुमारे ५,५०० थाई हॉटेलं होती, ती ८,००० वर न्यायची असं ठरलं होतं. हॉटेलांचे तीन नमुनेसुद्धा ठरवले होते, स्वस्तातलं ‘एलिफंट जंप’, मधलं ‘कूल बेसिल’ आणि भपकेदार ‘गोल्डन लीफ’. सरकारने हॉटेलाचं बारसं करावं हे मला भलतंच आवडलं. आमचं कोपऱ्यावरचं यातल्या कशातच बसत नाही. ‘एलिफंट जंप’च्याही एक पायरी खाली असेल, आणि तेच बरं आहे.

तर मग मागवायचं काय? मी सोम तामपासून सुरुवात करते, म्हणजे कच्च्या पपईचं सॅलड. चवीसाठी तर खरंच, पण ते करताना बघायला मिळतं म्हणूनही. आमच्याकडे काउंटरच्या कडेला मातीची खोल उखळी ठेवलेली असते आणि लाकडी मुसळ. आधी लसूण आणि मिरच्या ठेचतात. मग ताडगूळ, मग लांब शेंगांचे तुकडे, जेमतेम तडकतील इतपत. टोमॅटो, लिंबू, फिश सॉस, शेंगदाणे, सुका जवळा. पपईचा कीस सगळ्यात शेवटी. एका हातात मुसळ, दुसऱ्या हातात मोठा चमचा. मुसळ खाली येतो आणि चमचा तळातलं वर आणतो, पुन्हा मुसळ, पुन्हा चमचा. कीस कुटायचा नसतो, नुसता दुखवायचा असतो, म्हणजे रस आत शिरतो आणि करकरीतपणा जात नाही. तो टकटक आवाज थांबला की स्वयंपाकीण बोटाच्या टोकावर थेंबभर रस घेऊन चाखते, बहुतेक वेळा आणखी अर्धं लिंबू पिळते, आणि बशी थेट टेबलावर. फ्रिजमधून काढलेलं सोम ताम मी दुसऱ्या एका हॉटेलात खाल्लं आहे. नाव घेत नाही. पपईला पाणी सुटलं होतं आणि शेंगदाणे चामड्यासारखे झाले होते.

त्याच दुसऱ्या हॉटेलात सासूबाईंच्या बाबतीत गोंधळ झाला होता. त्या पक्क्या शाकाहारी. ऑर्डर घेणाऱ्या मुलाने प्रत्येक प्रश्नाला ‘हो हो, व्हेज’ म्हणून मान डोलावली, आणि नंतर सॅलडमध्ये त्यांना जवळा सापडला. थाई जेवणात शाकाहारी माणसाची खरी अडचण चिकन-कोळंबीची नसतेच, ते डोळ्यांना दिसतं. न दिसणारं जास्त असतं. खारटपणा फिश सॉसचा. करीच्या वाटणात कोळंबी आंबवून केलेली ‘कापी’, आणि ती बऱ्याच तयार डब्यांतल्या वाटणातही असते. परतलेल्या भाज्यांवर ऑयस्टर सॉस. म्हणजे ‘व्हेज ग्रीन करी’ मागवली तर टोफू आणि वांगी असतील, पण रस्सा व्हेज असेलच असं नाही.

सासूबाई पुन्हा आल्या तेव्हा त्यांना कोपऱ्यावर नेलं. दुसरं कुठलंही थाई हॉटेल त्यांनी ऐकूनच घेतलं नसतं. मालकीणबाईंना अडचण सांगितली, तर त्यांनी मेन्यूकार्डावर बोट फिरवत सरळ सांगायला सुरुवात केली: हे नाही, हे नाही, याचं वाटण आधीच केलेलं असतं, हेही नाही. मग ‘जे’ म्हणाल्या. थायलंडमध्ये ‘जे’ ही काटेकोर शाकाहाराची वेगळी परंपरा आहे. तिच्यात मांस-मासे-अंडी-दूध तर नाहीच, लसूणही चालत नाही. फुकेतला दरवर्षी नऊ दिवसांचा मोठा उत्सव होतो तेव्हा रस्तोरस्ती पिवळ्या झेंड्यांवर लाल अक्षरात ती खूण झळकत असते. असं काही रोजच्या मेन्यूवर नसलं तरी करून देईन, सोया सॉस घालून, असं त्यांचं म्हणणं.

सासूबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, “ते सगळं ठीक आहे गं, पण कढई तीच ना?”

मी विचारलं. बाईंनी आत जाऊन कढई घासायला लावली, त्याचा आवाज बाहेर येत होता. मग टोफू, कोबी, मशरूम, बेबी कॉर्न असं साधंच परतलेलं आलं, मोठ्या आचेवर करपायच्या आधी नेमकं उतरवलेलं. भाताबरोबर सासूबाईंनी बशी संपवली. अभिप्राय विचारला तर म्हणाल्या, “मीठ बरोबर पडलंय.” त्यांना ओळखणाऱ्यांना कळेल की यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्रक त्यांच्याकडे नसतं.

माझी स्वतःची बशी म्हणजे पॅड क्रापाव. खिमा, लसूण, मिरच्या आणि मूठभर तुळस. होय, तीच आपल्या ओळखीची तुळस. पण पुष्कळ हॉटेलं तिच्याऐवजी थाई बेसिल घालतात. ती गोडसर, बडीशेपेच्या वासाची, ग्रीन करीत छान लागते, इथे नाही. तुळशीला लवंगेसारखा झणका असतो आणि गरम खिम्यावर पडल्या पडल्या तो नाकात चढतो. आमच्या बाईंकडे तुळस रोज नसते. असली की त्या ऑर्डर घेताना नुसतं “आज पान आहे” म्हणतात आणि मी मेन्यूकार्ड मिटते. वर तळलेलं अंडं हवंच. भरपूर कडकडीत तेलात सोडलेलं, कडा तपकिरी होऊन जाळीदार झालेल्या आणि पिवळा बलक मात्र पातळ. बलक फुटून भातात उतरला की मिरच्यांचा जोर जरा ओसरतो.

तिखटाबद्दल एक सांगून ठेवते, कारण दर वेळी कुणीतरी पाण्याचा जग रिकामा करतं. मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे पाणी पिऊन आग फक्त तोंडभर पसरते. भात खा, नाहीतर तो नारिंगी थाई चहा प्या, त्यातलं दूध कामाला येतं. गंमत म्हणजे ज्या मिरचीशिवाय हे जेवण कल्पनेतही येत नाही, ती मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीज १५११ मध्ये सयामच्या तेव्हाच्या राजधानीत, अयुथ्थयाला पोचले, मिरची त्यानंतरची. त्याआधी तिखटाचं काम मिऱ्यावर चालायचं.

चॉपस्टिक्सही मागू नका. बाई देतात, पण देताना हसतात. थाई लोक भात काटा-चमच्यानेच खातात: डाव्या हातातल्या काट्याने घास चमच्यावर ढकलायचा आणि चमचा तोंडात. चॉपस्टिक्स नूडल्सच्या सूपसाठी. ईशान्य थायलंडच्या इसान भागातला चिकट भात तर हातानेच, छोटा गोळा करून. सुरी टेबलावर नसतेच, कारण सगळं आधीच घासाएवढं कापलेलं असतं.

आणि ‘माझं ताट, तुझं ताट’ करायचं नाही. चौघं असाल तर एक करी, एक परतलेलं, एक सोम ताम, एक तोम यम सूप मध्ये ठेवा आणि प्रत्येकाला वेगळा भात घ्या. एका वेळी एकाच पदार्थाचे एक-दोन चमचे. सगळं एकदम भातावर वाढून घेतलं की करीचं नारळाचं दूध सोम तामच्या आंबटपणात मिसळतं आणि दोन्ही वाया जातात. तोम यममधले गवती चहाचे दांडे, कुलिंजनाच्या चकत्या आणि लिंबाची पानं चावायची नाहीत, बाजूला काढायची. ती वासासाठी असतात. या सूपला, म्हणजे कोळंबीच्या तोम यम कुंगला, २०२४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत जागा मिळाली. त्याआधी १९९७ मध्ये थायलंडचं चलन ‘बात’ कोसळून आशियाभर जे आर्थिक संकट आलं, तेही थायलंडमध्ये याच सूपच्या नावाने ओळखलं जातं. एवढी ख्याती असूनही आमच्या हॉटेलातलं तोम यम बेताचंच असतं, लिंबू जास्त आणि वास कमी. मी ते मागवत नाही.

आंबा आणि चिकट भात मात्र हंगामात चुकवत नाही. हंगाम संपला की बाई मेन्यूकार्डावरच्या त्या फोटोवर कागदाची पट्टी चिकटवतात, आणि बारमाही आंबा देणाऱ्यांपेक्षा माझा त्या पट्टीवर जास्त विश्वास आहे. भात भिजवून वाफवलेला, शिजवलेला नव्हे. गरम असतानाच त्यात साखर-मीठ घातलेलं नारळाचं दूध जिरवलेलं. वरून आणखी एक चमचा दाट दूध, ते खारट. खारट म्हणजे खरंच खारट, चुकून पडल्यासारखं. त्या मिठाशिवाय नुसता गोडाचा गोळा होतो. वर भाजलेली मुगाची डाळ, दाताखाली कुरकुरणारी.

पार्सल न्यायचंच असेल तर करी न्या. मासामान सगळ्यात उत्तम, त्यातले बटाटे आणि शेंगदाणे दुसऱ्या दिवशी जास्तच मुरतात. सोम ताम नेऊ नका. पॅड थाई तर अजिबात नेऊ नका, घरी पोचेपर्यंत नूडल्सची वडी होते. आणि भात घरीच लावा. बाई पार्सलचा भात डब्यात ठासून भरतात, तेवढं एक त्यांना सांगायचा धीर मला अजून झालेला नाही.