नागपूरहून पाताळकोट: चिमटीपूरचा घाट उतरताना

मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यातल्या पाताळकोट दरीत जायचं म्हटलं की जो तो आधी किलोमीटर विचारतो. छिंदवाडा साधारण 125, तिथून तामिया 55, पुढे दरीच्या काठावरचं रातेड आणखी वीसेक. पण हिशेब किलोमीटरचा नाही, उजेडाचा करायचा. सगळी कसोटी रातेडच्या पुढच्या उतारावर आहे.

नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी पहाटे 5 ला निघालो. मी, बायको, मेहुणा आणि त्याचा दहावीतला मुलगा. सावनेर, सौंसर, मग सिल्लेवानी घाट. सौंसरला चहावाल्याशी मराठीतच बोलता येतं, आणि या दिवसांत तिथे संत्री चांगली मिळतात. परासियाच्या कोळसा पट्ट्यात टाकी फुल करा, चाकांतली हवा बघून घ्या, रोख पैसे जवळ ठेवा. दरीत मोबाइलची रेंज जाते, तेव्हा घरी फोन तामियातूनच करा.

रातेडच्या कठड्यापाशी 11 ला पोहोचलो. घोड्याच्या नालेसारखा कडा, खाली हजार-बाराशे फुटांहून खोल दरी, तळाशी दुधी नदी. आत बारा गावं, वस्ती भारिया आणि गोंड आदिवासींची. मेघनाद शिवपूजा करून इथूनच पाताळात गेला, असं तिथले लोक सांगतात. बरेच जण इथे फोटो काढून परततात. आम्हाला खाली दरीतल्या चिमटीपूर गावाला जायचं होतं.

उतार सुरू झाला आणि पहिल्या वळणालाच गाडी एका दमात वळेना. मागे घेऊन पुन्हा वळवली. रस्ता ठिकठिकाणी उखडलेला, कडेला पावसात वाहून आलेली रेती आणि गोटे. मी दुसऱ्या गिअरमध्ये, पाय ब्रेकवर ठेवून उतरत होतो. चौथ्या वळणाला जळका वास आला आणि ब्रेकचा पेडल पायाखाली मऊ लागला. पोटात गोळा आला. हँडब्रेक ओढला, मेहुण्याने उतरून चाकांना दगड लावले. अर्धा तास तसेच थांबलो. खालून डोक्यावर पोतं घेऊन एक तरुण येत होता. त्याने चाकाजवळ हात नेला आणि म्हणाला, "भैया, पहले गियर में छोड़ दो, गाड़ी खुद उतरेगी."

तसंच केलं. पहिल्या गिअरला इंजिनच गाडी धरून ठेवतं, ब्रेक फक्त वळणापुरता टेकवावा लागतो. सतत दाबून ठेवलेला ब्रेक तापतो आणि तापला की पकड सोडतो. चौघांचं वजन असेल तर वाईट वळणांवर माणसं उतरवा. मुलगा पुढे चालत गोटे बाजूला करत होता. समोरून चढणारी गाडी आली की उतरणाऱ्याने थांबायचं, कारण चढावर थांबलेली गाडी पुन्हा उचलणं अवघड. आणि पावसाळ्यात हा उतार नकोच.

गावात एका घरी जेवलो. माउलीने मक्याचं पीठ पानावर थापलं, पानासकट तव्यावर उलटलं आणि करपलेलं पान अलगद सोलून काढलं. भाकरीवर पानाच्या शिरा जशाच्या तशा उमटलेल्या. सोबत टमाट्याची चटणी. किती द्यायचे विचारलं तर सांगेनात. बायकोने बळेच 200 रुपये हातात ठेवले. तुम्हीही तेवढं भान ठेवा. विचारल्याशिवाय कुणाच्या अंगणात शिरून फोटो काढू नका, पोरांना चॉकलेटं वाटू नका. जडीबुटीच्या नावाखाली मुळ्या उपटून आणणारे आपल्याकडचेच लोक मी पाहिलेत, त्याचा राग येतो. 2019 पासून पाताळकोट जैवविविधता वारसा स्थळ आहे, आणि त्याआधीही ते रान या लोकांचं औषधाचं कपाट होतंच.

साडेतीनलाच पश्चिमेच्या कड्याची सावली अंगणात आली आणि हवा गार झाली. परतीचा चढ त्याआधी सुरू करायला हवा होता. शेवटची दोन वळणं आम्ही दिवे लावून घेतली. तुम्ही 2 ला निघा. त्याच रात्री नागपूर गाठायचा हट्ट धरू नका, सिल्लेवानीत रात्री ट्रकांची रांग असते. आम्ही तामियात मुक्काम केला. स्वेटर पुरला नाही, ब्लँकेट सोबत न्या.