८५ अंशांचं भूत अखेर उतरलं

धिंगरीच्या (ऑयस्टर मशरूमच्या) खोलीचं तापमान सांभाळणारा कंट्रोलर काल रात्रभर मुकाट चालला. सकाळी लॉग उघडला तर तापमान २५.५ ते २७ च्या आत आणि ८५ चा आकडा एकदाही नाही! गच्चीवरची खोली, पुण्याचा एप्रिल आणि दिमतीला फक्त जुना डेझर्ट कूलर, एवढं लक्षात घेता मी खूश आहे.

ज्यांनी मागचं वाचलंय त्यांना ही कटकट आठवत असेल. कूलरचा पंप बंद झाला रे झाला की तापमानाचा सेन्सर ८५ दाखवायचा. डीएस१८बी२० हा सेन्सर वापरणाऱ्यांना हा आकडा ओळखीचा आहे. वीज मिळाल्यावर पहिलं मोजमाप होईपर्यंत चिपच्या मेमरीत तोच असतो, म्हणजे सेन्सर मधेच रीसेट होत होता. कंट्रोलरला त्याचं काय! त्याच्या लेखी खोली पेटलेली. तो पंप परत लावायचा, पुढच्या खेपेला खरे २५ दिसले की बंद करायचा, आणि बंद केला की पुन्हा ८५. पंप चालू-बंद करणाऱ्या रिलेची (विजेवर चालणाऱ्या स्विचची) नुसती टकटक. सीआरसी, म्हणजे डेटा वाटेत बिघडला का ते सांगणारा आकडा, तपासूनही हाती काही लागत नाही, कारण ८५ हा आकडा वाटेत बिघडलेला नसतो, चिपच तो पाठवते.

कोडमध्ये '८५ आला तर सोडून दे' अशी एक ओळ टाकली की काम भागतं, बरेच जण तेच करतात. मला ते पटत नाही. जो झटका सेन्सरला रीसेट करतो, तो उद्या कंट्रोलरच्या मुख्य चिपला, ईएसपीलाही करेल.

पहिला संशय अर्थातच ५ व्होल्टच्या स्वस्त अडॅप्टरवर. दोन रिलेंच्या कॉइल, वर ईएसपी८२६६ चं वायफाय, व्होल्टेज बसत असणार. पण तसं असतं तर गडबड रिले ओढताना व्हायला हवी. इथे व्हायची ती सोडताना. पंपाची पिन काढून नुसता रिले वाजवून पाहिला: सगळं ठीक. पंपाच्या जागी ६० वॅटचा पिवळा बल्ब लावला: तरीही ठीक. पंप परत जोडला आणि ८५ हजर. चोर सापडला. पंपाच्या वाइंडिंगमधला करंट तुटतो तेव्हा संपर्कांवर ठिणगी पडते. पारदर्शक झाकणाचा रिले असेल तर अंधारात निळी चमक दिसते. आणि सेन्सरची वायर पंपाच्या वायरीला खेटून एकाच केसिंग पट्टीतून सहा मीटर गेलेली.

उपाय म्हणजे स्नबर, म्हणजे हा झटका शोषणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी: १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड सीरिजमध्ये, थेट पंपाच्या दोन टोकांवर. रिलेच्या संपर्कांवर लावला तर बंद अवस्थेतही २३० व्होल्टला सुमारे ७ मिलिअँप झिरपतात आणि कूलरचा इंडिकेटर मिणमिणत राहतो. कपॅसिटर एक्स२ छापाचाच, म्हणजे थेट घरच्या एसी लाइनवर लावायचाच घ्या. तापकीर गल्लीत (पुण्याचा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) एका काउंटरवर ४०० व्होल्ट डीसीचा हातात ठेवून 'साहेब, चालतो' म्हणाले. नाही चालत. सेन्सरची वायर वेगळ्या वाटेनं नेली आणि त्याच्या टोकाशी १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक लावला. सगळं मिळून वडापाव-चहाचा खर्च.

दरम्यान पहिल्या रांगेतल्या पिशव्यांना पिनहेड, म्हणजे मशरूमचे पहिले कोंब, धरलेत. राखाडी, टाचणीच्या डोक्याएवढे, सगळे भोकांच्या कडेनं. मागच्या रांगेत अजून स्पॉन रनिंग (काडात बुरशीचे धागे पसरणं) चालू आहे आणि तिथलं काड आतून हवेपेक्षा दोन-तीन अंश गरम आहे. म्हणून पुढचा सेन्सर पिशवीच्या पोटात खुपसायचं ठरवलं होतं.

पण हे लिहिता लिहिता दुसरंच सुचतंय. जूनमध्ये हवा ओली झाली की कूलर पाणी उडवेल, थंड काही करणार नाही. बाहेरच्या वेट-बल्बच्या, म्हणजे ओल्या वातीच्या थर्मामीटरवर दिसणाऱ्या तापमानाच्या, खाली तो जाऊच शकत नाही. मग तो नवा सेन्सर पिशवीत कशाला? बाहेर सावलीत टांगू, त्याच्या स्टीलच्या नळीवर मलमलची ओली वात गुंडाळू आणि छोटा पंखा सोडू. झाला वेट-बल्ब. तो २५ च्या पुढे गेला की पंप बंद, फक्त एक्झॉस्ट. शेजारी कोरडा सेन्सर ठेवला की आर्द्रताही काढता येईल. असे सेन्सर एकाच वायरवर बरेच बसतात. ९० टक्क्यांच्या ओलीत दरवेळी मान टाकणारा तो आर्द्रतेचा सेन्सर, डीएचटी२२, कायमचा डब्यात.

वातीचा प्रयोग कुणी केलाय का? बोअरच्या पाण्याचे क्षार किती दिवसांत चढतात, ते सांगा. फिल्टरचं पाणी रोज वर वाहून न्यायची माझी तयारी नाही.