काळं कपाट आणि मार्चचं ऊन

माझं कपाट उघडलं की आधी लाइट लावावा लागतो, कारण आत सगळं काळंच आहे. कुर्ते काळे, पँटी काळ्या, ओढण्या काळ्या, जे काही रंगीत आहे ते लोकांनी आहेरात दिलेलं. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, हिची संक्रांत बारा महिने असते. आणि खरंय, संक्रांतीला मी एकदम मेनस्ट्रीम असते, थंडीत काळं ऊब धरतं म्हणून सगळ्यांच्याच चंद्रकळा बाहेर निघतात, मग होळी पेटली की काळ्यात मी एकटीच उरते.

दरवर्षी मार्चमध्ये ठरवते की आता बास, पेस्टल घेऊ, पिस्ता बिस्ता काहीतरी. घेते पण. मग ते घालून आरशात बघते तर हॉस्पिटलातून पळून आलेला पेशंट. मग परत काळं.

यंदा मात्र दुपारी दोन वाजता सिग्नलला स्कूटरवर उभी होते आणि कुर्त्याचं अस्तर पाठीला असं चिकटलं की ऑफिसात पोचून पंख्याखाली सोलून काढल्यासारखं वाटलं, वर वाळल्यावर काखेत मिठाचे पांढरे नकाशे. तेव्हा लेबल बघितलं. अस्तर शंभर टक्के पॉलिस्टर! म्हणजे इतकी वर्षं मी रंगाला शिव्या घालत होते.

थोडं वाचलं तर मजाच सापडली. वाळवंटातले बेदुइन लोक एवढ्या उन्हात काळे झगे का घालतात यावर १९८० साली 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात एक पेपर आला होता, एका माणसाला काळा आणि पांढरा झगा घालून उन्हात उभं करून मोजलं, तर काळा झगा ऊन जास्त खातो हे खरं, पण ती जास्तीची उष्णता अंगापर्यंत पोचायच्या आधीच बाहेर जाते, शेवटी अंगाला हिशोब सारखाच. अर्थात झगा ढगळ हवा. माझ्या फिटिंगच्या कुर्त्यांना हे लागू नाही, हे मला सिग्नललाच कळलं होतं.

मग रंग तोच ठेवला, बाकी सगळं बदललं. दोन कुर्त्यांचं अस्तर टेलरकाकांकडून काढून घेतलं, "मॅडम, आरपार दिसेल" म्हणाले, पण काळ्याची हीच तर गंमत आहे, पांढऱ्या मलमलखाली स्लिप लागतेच, काळं मलमल बरंच झाकून घेतं. स्किनी जीन्स वरच्या फळीवर गेल्या, खादीची घेरदार पँट खाली आली. पॉलिस्टरचं गाठोडं बोहारणीसाठी बाजूला, एक पातेलं तरी सुटेल. आणि वाळत घालताना कपडे उलटे करून सावलीत, नाहीतर मे येईपर्यंत एक काळा तांबूस, एक हिरवट, आणि दोन्ही एकत्र घातले की आपण गबाळे. हे मी भोगलंय.

रंग म्हणाल तर एकच घेतला, आणि तो पळसावरून. सध्या पळस फुललाय, सगळे केशरी केशरी करून फोटो टाकतायत, पण फूल एकदा हातात घेऊन बघा, देठाकडे जी वाटी असते ना ती जवळजवळ काळी असते, मखमलीसारखी. वसंत स्वतःच काळं घालून फिरतोय आणि मला पिस्ता घ्यायला सांगतात! तर केशरी ओढणी एक, सुती, साध्या काळ्या कुर्त्यावर. पुरे.

आईला दाखवली. म्हणाली, "ओढणी छान आहे गं, पण पाडव्याला गुढीसमोर काळं घालून उभी राहू नकोस." बराच वेळ वाटाघाटी झाल्या. शेवटी ठरलं की सकाळी तिची केशरी नारायणपेठ नेसायची, सूर्यास्ताला गुढी उतरली की मी परत काळ्यात जायला मोकळी. ब्लाउज कुठला ते अजून विचारलं नाहीये तिने.