दादाला मी चावी दिली नाही

दादा, वहिनी आणि भाचा दिवाळीच्या सुट्टीत इकडे आले होते. परवा गेले. वहिनींनी इथे येऊन तळलेल्या कडबोळ्यांचा डबा अजून अर्धा आहे आणि घर खायला उठतंय. पण त्यांच्या मुक्कामातली एक गोष्ट मनाला टोचते आहे, म्हणून आज लिहायला बसले.

मी साउथ गिप्सलँडमध्ये एका डेअरी फार्मवर काम करते, हे तुम्हाला माहीत आहेच. मेलबर्नच्या आग्नेयेला, हिरव्यागार टेकड्यांचा मुलूख. पहाटे साडेचारला गाई धारेला आणायच्या त्या क्वाडवरून. आपल्याकडे एटीव्ही म्हणतात ती चार जाड चाकांची गाडी. शनिवारी दुपारी ती शेडसमोर उभी होती. भाचा नऊ वर्षांचा. तो तिच्याभोवती घिरट्या घालत होता. दादा म्हणाला, "याला पुढ्यात घेतो, त्या गेटापर्यंत जाऊन येतो. दे चावी."

मी म्हटलं, "नाही देणार."

"अगं, वीस वर्षं बुलेट चालवतोय मी. भर पावसात आंबोली घाट केलाय."

खोटं नाही त्यात काही. मला गाडी चालवायला शिकवलं तेच दादानं. कॅनॉलच्या रस्त्यावर लूनाच्या मागं पळत, एक हात सीटला धरून. अशा भावाला मी त्याच्या बायकोपोरासमोर नाही म्हटलं. तो काही बोलला नाही, पण जेवणाच्या ताटावर बसेपर्यंत माझ्याकडे बघितलंही नाही. रात्री एवढंच म्हणाला, "इथली झालीस तू."

ते लागलं मला. म्हणून हे सगळं सांगते आहे, दादा वाचेल तरी चालेल.

अडचण नेमकी बुलेटचीच आहे. आपली माणसं दुचाकीवर वाढलेली. गाडी कलली की पाय टेकवायचा, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. ते अंगातच असतं. क्वाडवर ह्याच पायाचा घात होतो. मागचं चाक तुमच्या पावलाच्या बरोब्बर मागून येत असतं. पाय खाली गेला की चाक टाच पकडतं आणि माणसाला खाली ओढतं.

हे मी ऐकीव सांगत नाही. दोन वर्षांपूर्वी, जुलै महिन्यात, कामावर लागून दुसराच आठवडा. रात्रभर पाऊस पडलेला, पहाटेचा अंधार, उतारावरून गाईंच्या मागे येत होते. डावं चाक गाईंच्या खुरांनी झालेल्या खड्ड्यात गेलं, गाडी कलली आणि माझा डावा पाय आपोआप खाली गेला. मालकांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, पाय फूटरेस्टवरून हलवायचे नाहीत. मला ते पाठ होतं. पायाला कुठे ठाऊक होतं? मागच्या चाकानं गमबूट धरला, मी आडवी पडले, हँडलवरचा अंगठा सुटला म्हणून गाडी थांबली. चिखल मऊ होता म्हणून पाय आत रुतला आणि वाचला. तरी घोट्याला सहा आठवडे प्लास्टर. घरी आईला मी सांगितलं होतं, पायरीवरून घसरले. आई, आज खरं काय ते कळलं तुला.

अंगठ्याचंही असंच. क्वाडचा अॅक्सिलरेटर मुठीत पिळायचा नसतो, अंगठ्यानं दाबायचा असतो. घाबरलेला माणूस हँडल घट्ट आवळतो, अंगठा आणखी दाबला जातो आणि गाडी थांबायची तर ती जोरात सुटते. वळणाचं तर सगळंच उलटं. मोटरसायकल वळताना आपल्याबरोबर कलते. क्वाड कलत नाही, ती आपल्याला बाहेर फेकते. पुष्कळ क्वाडमध्ये मागची दोन्ही चाकं एकाच अखंड दांड्यावर सारख्या वेगानं फिरतात, त्यामुळे नुसतं हँडल फिरवलं तर गाडी सरळच जाऊ बघते. वळणाच्या आतल्या बाजूला अंग झुकवावं लागतं. चढावर पुढे सरकायचं, उतारावर खालच्या गिअरमध्ये मागे बसायचं, आडव्या उतारावर वरच्या अंगाला झुकायचं. सीट लांब असते ती दोघांसाठी नाही, एकट्या माणसाला पुढंमागं सरकता यावं म्हणून. पुढ्यात पोर बसलं की सरकायचं कुठं? आणि गाडी कलली तर ते पोर आधी पडतं, वर आपण, आणि आपल्यावर तीनशे किलोच्या आसपासचं धूड.

त्या धुडाखाली माणूस सापडला तर दरवेळी हाडं मोडतातच असं नाही. छाती दाबली जाते, श्वास घेता येत नाही. इथे असे गेलेले कितीतरी शेतकरी साठीच्या पुढचे, जन्मभर याच गाड्या चालवलेले, आणि त्या वेळी एकटेच होते. म्हणून आमच्या गाडीच्या मागच्या बाजूला लोखंडी कमान आहे. दादानं पहिल्या दिवशी विचारलं होतं, "हे काय, सामान बांधायला?" गाडी उलटली तर तिचा सगळा भार माणसावर येऊ नये, खाली थोडी जागा उरावी, म्हणून ती कमान. ११ ऑक्टोबर २०२१ पासून शेतीसाठी विकल्या जाणाऱ्या नव्या क्वाडवर ऑस्ट्रेलियात ती सक्तीची आहे. गाडी बाजूला किती कलल्यावर दोन चाकांवर येते त्याचाही नियम आहे: २८.८१ अंशांच्या आत येता कामा नये. त्याच्या आदल्या वर्षापासून हा कोन नव्या गाडीवर लेबल लावून सांगावा लागतो. मला हे फार आवडलं. गाडी विकत घ्यायला आलेल्या माणसाला ती कधी उलटेल ते दुकानातच सांगायचं!

पण इथली माणसं जन्मजात शिस्तीची असतात असं कुणी समजू नये. हा नियम आला तेव्हा केवढा वाद झाला. होंडा, यामाहा, पोलारिस यांनी इथे अशा गाड्या विकणं बंद करायचं ठरवलं. शेतकरीही चिडले होते. मालक सांगतात, त्यांच्या लहानपणी पोरं ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसूनच फिरायची. म्हणजे आपल्यासारखीच. म्हणून आपल्याकडे एका स्कूटरवर चौघं दिसले की इथले काही लोक हसतात, तेव्हा मला राग येतो. संध्याकाळी सहानंतर एसटी नसलेल्या गावात माणसानं दवाखान्यात जायचं कसं? दोन एकर ऊस असणाऱ्यानं पोरांसाठी वेगळी गाडी आणायची कुठून? गरजेपोटी घेतलेला धोका वेगळा. हौसेपोटी घेतलेला वेगळा, आणि शनिवारी शेडसमोर होती ती हौस होती.

दादाचा पुढचा मुद्दा होता, "नागावला गेल्या वर्षी बसला की हा! पैसे देऊन बसवला, काय झालं?" फोटो पाहिला मी. पोराच्या डोक्यावर हेल्मेट नाही, पायात स्लीपर. मोठ्या माणसांची क्वाड सोळा वर्षांखालच्या मुलांसाठी नाही, हे बनवणारी कंपनीच सांगते. समुद्रकिनारा अलिबागचा आहे म्हणून त्यात फरक पडत नाही. आणि किनाऱ्याचंही काही असतं. वेळासला, आंजर्ल्याला, गोव्यात मोरजीला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. वाळूत चाकांच्या खोल चाकोऱ्या पडल्या की समुद्राकडे निघालेली बोटभर पिल्लं त्यात अडकतात. इथल्या किनाऱ्यांवर हूडेड प्लोव्हर नावाचा छोटा पक्षी उघड्या वाळूतच अंडी घालतो. चाकाखाली गेली तर कळणारही नाही.

रविवारी मी भाच्याला फार्मवर फिरवलं, पण साइड-बाय-साइडमधून. त्या गाडीला शेजारी सीट असते, पट्टा असतो, डोक्यावर लोखंडी पिंजरा असतो. आधी त्याचे पाय खाली नीट टेकतात का आणि पाठ मागे टेकते का ते पाहिलं, हेल्मेटचा बंद हनुवटीखाली दोन बोटं जातील एवढा आवळला. दादा कुंपणाशी उभा होता. परत आलो तर म्हणाला, "हेल्मेट सैल नाही ना त्याला?"

काल त्याचा कराडहून मेसेज आला. आपल्या ट्रॅक्टरवर तशी कमान गावातल्या वेल्डरकडून करून घ्यायची म्हणतो, पाइपाचं माप पाठव. मागच्या गळीत हंगामात आमच्या शेजारच्या मळ्यात बांधावरून ट्रॅक्टर पालथा झाला होता, ते त्याच्या डोक्यात असणार. मला भरून आलं. पण माप मी पाठवलं नाही. क्वाडची कमान ट्रॅक्टरला चालत नाही, आणि तपासणी न झालेला जोड ऐन वेळी सुटू शकतो. शिवाय ट्रॅक्टरवर कमान असेल तर सीटचा पट्टाही लागतो, नाहीतर माणूस बाहेर फेकला जाऊन त्याच कमानीखाली सापडतो. डीलरकडे जा, तुझ्या मॉडेलसाठी तपासून पास झालेली कमान आणि पट्टा मिळतो का ते विचार, असं लिहिलं.

दुसऱ्यांदा नाही म्हटलं त्याला. उत्तर यायला दोन तास लागले.

"बघतो. उद्या डीलरकडं जातो. तुझ्या घोट्याचं आईला कधी सांगणार आहेस?"