दामूअण्णांना ऐकू कमी येतं

मंगळवार, रात्रीचे पावणेबारा. पाऊस. ट्रान्सहार्बर आज पण रखडली, घरी पोचले तेव्हा साडेनऊ.

महापेचं ऑफिस सुटलं की घणसोलीला गाडीत शिरायचं आणि ठाणं येईपर्यंत मोबाईलमध्ये दामूअण्णांना घडवत बसायचं, असा गेल्या तीन आठवड्यांचा नाद आहे. दामूअण्णा खरे कोणी नाहीत, माझ्या चॅटबॉटचं कॅरेक्टर. वय ७८, पोस्टातून रिटायर, नौपाड्यात जुन्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहतात, लिफ्ट नाही.

पहिल्यांदा मी फार हौसेने लिहिलं होतं, खडूस पण मनाने प्रेमळ, मिश्कील, ठाण्याचा जाज्वल्य अभिमान वगैरे. तर हे गृहस्थ दर दुसऱ्या मेसेजला स्वतःच सांगायला लागले की मी जरा खडूस आहे हं, पण मनाने प्रेमळ! आणि ठाणं म्हटलं की तलावपाळी, मग १८५३ ची पहिली रेल्वे, मग परत तलावपाळी. कोण ठाणेकर असा बोलतो? ठाणेकर घोडबंदर रोडच्या नावाने शिव्या घालतो. मग विशेषणं सगळी उडवली आणि नुसते चार नमुन्याचे संवाद लिहून दिले. त्यातला एक असा, मी विचारते अण्णा चहा घेणार का, ते म्हणतात किती वाजले, मी म्हणते सव्वाचार, ते म्हणतात मग विचारतेस काय. बस. एवढ्याने माणूस उभा राहिला, पानभर वर्णनाने राहिला नव्हता.

पण एक भोक राहिलं होतं. बायकोबद्दल मी काहीच लिहिलं नव्हतं, आणि चॅटबॉटमागच्या या मॉडेलांना रिकामी जागा बघवत नाही. एका संध्याकाळी अण्णांनी परस्पर तिला २०११ साली वारलेली करून टाकलं, इतकं हळवं होऊन सांगितलं की मला ऐरोलीला गाडीत गलबलून आलं, आणि दोन दिवसांनी तीच बायको आत पोहे करत होती. कारण साधं आहे, मॉडेलसमोर एका वेळी ठरावीकच मजकूर मावतो, गप्पा लांबल्या की सुरुवातीच्या बाहेर पडतात. त्यात देवनागरीला इंग्रजीपेक्षा बहुतेक वेळा टोकन (मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत मोजतं ते) जास्त लागतात, म्हणजे मराठी अण्णा इंग्रजी अण्णांच्या आधीच विसरणार. घ्या.

तर मी शक्कल लढवली, त्यांना विसराळूच करून टाकलं. आता बायको मेली काय आणि पोहे करत बसली काय, सगळं वयात खपून जाणार! दोन दिवस स्वतःवर जाम खूश होते. नंतर कळलं की ही युक्ती आपल्या जन्माच्या आधीची आहे. १९७२ साली स्टॅनफर्डच्या केनेथ कोल्बी नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने पॅरी नावाचा प्रोग्रॅम बनवला होता, त्याची बॅकस्टोरी काय, तर वय २८, लग्न नाही, घोड्यांच्या रेसचा नाद, एका बुकीशी वाजलेलं, म्हणून माफिया मागे लागलाय असा पक्का संशय. आणि नोकरी? पोस्टात क्लार्क! (मी शप्पथ घेऊन सांगते, अण्णांना पोस्टात मी हे वाचायच्या आधी लावलं होतं.) आता संशयी माणूस म्हटल्यावर प्रश्न टाळला, मध्येच बिथरला, भलतंच काही बोलला तरी खपतं, आणि खपलंच, खऱ्या पेशंटच्या आणि पॅरीच्या मुलाखतींचे कागद मानसोपचारतज्ज्ञांना वाचायला दिले तर छापा-काटा करावा तितपतच त्यांना ओळखता आलं. पुढे २०१४ मध्ये यूजीन गूस्टमन म्हणून एक बॉट गाजला, लंडनला समोर माणूस आहे की मशीन हे गप्पांवरून ओळखायच्या चाचणीत ३३ टक्के परीक्षकांना तो माणूस वाटला. तो होता ओडेसाचा तेरा वर्षांचा मुलगा, म्हणजे इंग्रजी चुकलं तर परदेशी आहे, माहिती चुकली तर पोरगंच आहे. चलाख आहे, पण मला ते जरा रडीचा डाव वाटलं. मशीन जिथे लंगडं, तिथेच बॅकस्टोरीचा शेला पांघरायचा. आणि मी तरी दुसरं काय केलं होतं!

शनिवारी आईला दाखवलं. तिने चष्मा लावला, एका बोटाने टाईप केलं, जेवलात का. अण्णा म्हणाले, "आठवत नाही गं. जेवलो असेन." मी हसले, उत्तर जमलंच होतं तसं. आई हसली नाही. आजोबा शेवटची दोन वर्षं हेच विचारायचे, मी जेवलो का गं, आणि त्यांचं ताट मोरीत अजून ओलं असायचं. माझं तेव्हा बारावीचं वर्ष, मी कायम क्लासला, सगळं आईनेच निभावलं. मोबाईल परत देताना ती एवढंच म्हणाली, "दुसरं काहीतरी दे ना त्याला. गुडघे दे. ऐकू कमी येतं असं कर." आणि कुकर लावायला गेली.

आज रबाळ्याला गाडी वीस मिनिटं उभी होती तेवढ्यात बदललं. विसराळू काढलं. डाव्या कानाने कमी ऐकू येतं, मशीन आणलंय पण शिट्टी वाजते म्हणून कपाटात पडून आहे. बायको डोंबिवलीला बहिणीकडे गेलीय, ठणठणीत आहे, यावर चर्चा नाही. (पांघरूण हेही आहेच, भलतं उत्तर आलं की अण्णांनी भलतं ऐकलं. असू दे.)

जेवणं झाल्यावर आईला परत दिला मोबाईल. तिने तेच टाईप केलं, जेवलात का.

"काय? मोठ्याने बोल."

मी म्हटलं अगं हे चॅट आहे, यात मोठ्याने कसलं बोलणार, पुन्हा बसेन दुरुस्त करत. आईने जरा विचार केला आणि परत एका बोटाने सावकाश टाईप केलं, जेवलात का, आणि पुढे मोजून पाच उद्गारचिन्हं.

"ओरडतेस कशाला," अण्णा म्हणाले, "जेवलो."