आमची वाटचाल: शिरवळचं 'जळकं गॅरेज'

बोर्डवर आमच्या गॅरेजचं नाव वेगळंय, पण शिरवळमध्ये कुणालाही विचारा, तो म्हणेल जळकं गॅरेज का, मग सरळ जावा. हे नाव कुणी पाडलं ते मला पक्कं माहितीय, त्याचं मोठं वर्कशॉप हायवेलाच आहे, नाव घेत नाही.

सुरुवात आम्ही दोघांनी केली, मी वायरिंगवाला आणि चाचा डेंटर. चाचाच्या हातात हातोडा आणि डॉली (पत्र्याच्या मागं धरायचा लोखंडी ठोकळा) दिली की दबलेला फेंडर असा वर यायचा की लांबी, म्हणजे खड्डे भरायची पुट्टी, नावालाच लागायची. काम भरपूर होतं कारण वर खंबाटकी घाट. साताऱ्याकडून येणारी गाडी तेव्हा बोगद्यातून उतारानं सुटायची आणि पुढं ते एस वळण. तिथं ठोकलेली गाडी टो होऊन खाली आली की चाचा पत्रा बघायचा आणि मी बघायचो की ती चालू का होत नाही.

2004 ची गोष्ट. एक फोर्ड आयकॉन आली, पुढून डावीकडं ठोकलेली, मालकाला त्याच रात्री पुण्याला जायचं होतं. सेल्फ मस्त फिरतोय पण गाडी काय पकडत नाही, चावी ऑन केल्यावर टाकीतून पेट्रोल पाठवणाऱ्या पंपाचा दोन सेकंदाचा घूं आवाज येतो तो येत नव्हता. आता फोर्डला इनर्शिया स्विच असतो हे तेव्हा आमच्या भागात फार कुणाला माहीत नव्हतं, धक्का बसला की तो आपोआप पंप बंद करतो, पायाजवळच्या पॅनलआड असतो, वरचं बटण दाबलं की परत चालू. मला माहीत होतं. मी चार माणसांसमोर हात घातला, बटण दाबलं, पंप बोलला, मी म्हणालो मारा सेल्फ.

तो स्विच कशासाठी ठेवलाय एवढाच विचार मी केला नाही. इंजिनवरचा पेट्रोलचा प्लॅस्टिक पाइप तडकला होता, पंप चालू झाल्याबरोबर फवारा. ठिणगी कुठल्या वायरची पडली ते आजपर्यंत कळलं नाही. वाळू टाकेपर्यंत बॉनेटखालचं सगळं गेलं आणि आमच्या शेडचा अर्धा पत्रापण काळा पडला.

माणूस कुणी भाजला नाही, पण भरपाई द्यायला पतसंस्थेचं कर्ज काढलं, बॅटरीचा चार्जर विकला, मोटरसायकल विकली. दोन महिन्यांत चाचा त्या मोठ्या वर्कशॉपला गेला. त्याला तीन पोरी होत्या, मी काय बोलणार, पण जाताना हातोडा नेला आणि डॉली माझ्याकडंच विसरला, ती अजून ड्रॉवरमध्ये आहे. हायवेवरून कुणी क्रेनवाला आमच्याकडं गाडी आणेना, कारण तिकडून त्याला सांगायचे, तिथं नको नेऊ, जाळतोय तो.

एकटे लोणंदचे दादा यायचे. कांद्याचा धंदा, दोन पिकअप, लाइट लागत नाही म्हणून यायचे आणि काम नसलं तरी बसायचे. जळाल्यावर चौथ्या दिवशी आले आणि म्हणाले, आता तू जपून काम करशील, आता गाडी तुझ्याकडंच. त्यांनी हे हसत म्हटलं होतं, मला हसू आलं नाही.

मधली वर्षं चालली आपली, बॅटरी, अल्टरनेटर, हॉर्न. सांगण्यासारखं काय नाही.

मग दादांच्या पुतण्याची हॅचबॅक ठोकली, एअरबॅग फुटली नाही, विम्याचा क्लेम झाला, गाडी हायवेच्या त्याच मोठ्या वर्कशॉपला. पत्रा, रेडिएटर, पेंट सगळं होऊन चकाचक उभी, पण चालू होईना. सेल्फ जोरात मारते, स्कॅनर लावला तर ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, बोलतच नाही. बारा दिवस! फ्यूज बघितले, रिले बदलले, शेवटी म्हणाले ईसीएम गेलाय, आणि त्यात विम्याचा सर्व्हेअर म्हणाला हे ठोकल्यानं गेलं असं मी लिहून देत नाही. दादांनी गाडी दोरी लावून माझ्याकडं आणली.

मी स्कॅनर काढलाच नाही. माझ्याकडं 21 वॉटचा इंडिकेटरचा बल्ब आहे, होल्डरला दोन वायरी आणि क्लिपा, खर्च पन्नास रुपये. मीटरवर ओहम बघितले तर एक केसाएवढी तार चिकटलेली असली तरी मीटर ओके म्हणतं, बल्बाला मात्र करंट लागतो, तो पेटतो नाहीतर पेटत नाही. ईसीएमचा कपलर (वायरींचा जोड) काढला, क्लिप बॅटरीच्या प्लसला, दुसरं टोक ईसीएमच्या अर्थच्या, म्हणजे बॉडीला जाणाऱ्या मायनसच्या, वायरीला. बल्ब नुसता लाल तार दाखवून बसला, म्हणजे अर्थ कच्ची. (हे सिग्नलच्या वायरीला करू नका रे पोरांनो, आणि पिवळ्या कपलरला तर अजिबात हात लावू नका, ते एअरबॅगचं आहे, तोंडावर येईल.)

वायर धरत मागं गेलो, ॲप्रनवर (बॉनेटखालच्या बाजूच्या पत्र्यावर) 10 नंबरचा बोल्ट. पाना लावून काढला तर खाली प्रायमर, त्यावर रंग, त्यावर क्लिअर कोट आणि त्यावर अर्थचा लग, म्हणजे वायरीच्या टोकाची रिंग, घट्ट आवळलेला. बॉडी नवी रंगवली आणि अर्थची जागा खरवडायची राहिली. सेल्फ फिरत होता कारण इंजिनची जाड अर्थ वेगळी येते, म्हणून तर बारा दिवस कुणाला शंका आली नाही. पॉलिश पेपर मारला, बोल्ट लावला, अर्ध्या सेल्फला गाडी चालू.

ठोकलेली गाडी आली की आधी वाकून पेट्रोलचा वास घ्या, खाली ओल बघा, बॅटरीची मायनस काढा, पाइप बघा, मग चावी. बऱ्याच नव्या गाड्यांत तो इनर्शिया स्विचच नसतो, एअरबॅगचं युनिटच पंप बंद करायला सांगतं, काहींत चावी बंद-चालू करून सुटतं, काहींत स्कॅनरनं क्रॅशचा कोड काढावा लागतो. कुणी विचारलं नाही, तरी सांगतो.

तो रंग कुणाच्या हातचा ते मी बघताक्षणी ओळखलं. त्या कोपऱ्यात ब्रश असा आडवा फिरवायची सवय एकाच माणसाची. दादांना सांगितलं नाही. संध्याकाळी चाचाला फोन केला, अर्थची जागा रंगवलीस म्हणालो. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, डॉली आहे का रे तुझ्याकडं? आहे म्हणालो. न्यायला अजून आलेला नाही.