कालनिर्णयच्या चौकटींत

सकाळी कॉम्प्युटरच्या पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ १०.१२ वर थांबलं. माउस हलेना, कॅप्स लॉकचा दिवाही लागेना. बाबा हात मांडीवर ठेवून गप्प बसून राहिले.

दुकानातल्या मुलाने दोनदा विंडोज नव्याने टाकून दिलं होतं. आठवडाभर बरं, मग पुन्हा तेच. आज सुट्टी होती म्हणून मीच पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट, म्हणजे मेमरीची तपासणी लावली. थोड्याच वेळात लाल ओळी, म्हणजे मेमरीत दोष! दोन्ही रॅम, म्हणजे मेमरीच्या पट्ट्या, एकेक करून तपासल्या. एक स्वच्छ निघाली. दुसरीची सोनेरी टोकं खोडरबरने पुसली, स्लॉट बदलला, तरी लाल ओळी तशाच. तिच्यातला खराब भाग वापरात आला की मशीन अडकायचं, म्हणून ना वेळ ठरलेली, ना काम.

बाबांना सांगितलं. ते उठले आणि भिंतीवरचं कालनिर्णय काढून घेऊन आले. तारखांच्या चौकटींत बारीक अक्षरात लिहिलेलं: '११.२० बंद. पत्र लिहिताना.' '४.०५ बंद. काही केलं नव्हतं.' दोन महिन्यांच्या नोंदी.

"मला वाटलं, माझंच बोट कुठेतरी चुकीचं पडतंय."

वाटणारच. दर वेळी मी ऑफिसातून फोनवर पहिला प्रश्न हाच विचारायचो, "बाबा, काय दाबलंत?"

दांडिया बाजारातल्या आमच्या या घरात चाळीस वर्षं पंखा, मिक्सर, रेडिओ त्यांनीच उघडून दुरुस्त केलेत. आणि हे यंत्र बिघडल्यावर त्यांनी स्वतःवर संशय घेतला.

तुमच्या घरीही कुणी असं गुपचूप लिहून ठेवतंय का?